मुलींना नव्हे, साहेबांना तयार करा

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला दिलेला विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणींच्या भुवया उंचावल्या असतील. ‘बदलता कामगारवर्ग आणि कंपन्यांच्या वरिष्ठांची तयारी’. आपण घरकामगार बायकांबरोबर काम करतो, अंगणवाडी सेविकांबरोबर मोर्चे काढतो, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईबरोबर पोलीस चौकीत जाऊन बसतो. कंपनीच्या साहेबांची तयारी करून घेणं हे आपलं काम कधीपासून झालं?

झालं आहे, कारण आता तेच आपल्याला बोलावतात. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यात काम करणाऱ्या कुठल्याही गटाला विचारा. पूर्वी कारखान्याच्या गेटवर आपल्याला उभं राहू देत नसत. आता फोन येतो, “मॅडम, आमच्याकडे मुलींची भरती वाढली आहे, एक ट्रेनिंग घ्याल का?” मी गेली काही वर्षं अशा ट्रेनिंगला जाते, एक-दोन कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, आणि संध्याकाळी त्याच मुलींच्या खोल्यांवर जाऊन त्यांच्याशी बोलते. त्या येण्या-जाण्यातून जे समजलं ते आज मांडते.

आधी हे बोलावणं का येतं ते समजून घेऊ. साहेबांना अचानक स्त्रीमुक्ती पटली असं काही झालेलं नाही. एक तर आय.टी.आय., डिप्लोमा केलेल्या मुली गावोगावी तयार झाल्या आहेत आणि त्यांना काम हवं आहे. दुसरं, रात्रपाळीचा कायदा बदलला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामावर ठेवायला मनाई होती. ते कलम मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली घटनाविरोधी ठरवलं. महाराष्ट्राने २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून अटींसह रात्रपाळी खुली केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी तर संमती असेल तर सर्व प्रकारच्या कामांत आणि रात्रीही बायकांना घेता येईल असं म्हटलं आहे. तिसरं कारण कागदाचं. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्याकडे बायका किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती, याचा हिशोब दरवर्षी जाहीर करावा लागतो. वर आकडा मागितला की खाली भरती होते.

म्हणजे दार उघडलं आहे ते त्यांच्या गरजेने. गरज संपली की ते पुन्हा बंद होऊ शकतं. आपल्याच राज्यात हे एकदा घडून गेलं आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये १९२० च्या दशकात सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. पुढे नवी यंत्रं आली, पाळ्या वाढल्या. रात्री बायकांना ठेवायचं नाही हा कायदा होताच. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, तो खर्च मालकांना नको होता. आणि घर चालवतो तो पुरुष, बाईची कमाई वरखर्चाची, ही समजूत मालकांची होती तशी युनियनचीही होती. जिथे काटछाट करायची तिथे आधी बाईचं नाव आलं. १९८२ चा मोठा संप झाला तेव्हा गिरण्यांत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. त्या गेल्या त्याचा संप कुणी केला नव्हता.

दुसरं उदाहरण १९६५ चं. एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंग खात्यातल्या मुलीने लग्न केलं की तिची नोकरी संपायची, तसा नियमच होता. बॉम्बे लेबर युनियन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. कंपनीचं म्हणणं काय होतं? हे काम टोळीने करायचं असतं, विवाहित बायका जास्त गैरहजर राहतात, त्यामुळे सगळ्या टोळीचं काम अडतं. न्यायालयाने हे मान्य केलं नाही आणि तो नियम रद्द केला. आता २०२४ कडे या. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित बायकांना भरतीतून वगळलं जातं अशी बातमी रॉयटर्सने जून महिन्यात दिली. कंपनीने आरोप नाकारला, केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागितला. खरंखोटं काय ते बाजूला ठेवू. पण या दोन गोष्टींमध्ये जवळजवळ साठ वर्षं आहेत आणि संशय मात्र तोच आहे: लग्न झालेली बाई म्हणजे अडचण.

हा संशय येतो कुठून? कारखान्याची सगळी रचना एका ठराविक कामगाराचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. त्याला डबा कुणीतरी करून देतं, त्याचं पोर कुणीतरी सांभाळतं, तो रात्री दोन वाजता मोटारसायकलवर एकटा घरी जातो, त्याला पाळी येत नाही. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे कारखान्यातल्या पुरुषाच्या आठ तासांमागे घरातल्या बाईचे पावणेपाच तास उभे असतात. आता तीच बाई लाइनवर उभी राहिली. तिच्या मागे कोण उभं आहे? हा प्रश्न साहेबांनी कधी स्वतःला विचारलेला नाही, कारण त्यांना तो कधी पडलेलाच नाही. तो त्यांना पाडणं, याला मी ‘वरिष्ठांची तयारी’ म्हणते.

पण कंपनी आपल्याला बोलावते ती मुलींची तयारी करून घ्यायला. मुलींनी कसं बोलावं, वेळेवर कसं यावं, ताण कसा हाताळावा, तक्रार कशी ‘योग्य मार्गाने’ करावी. माझं म्हणणं सरळ आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी लातूरहून किंवा यवतमाळहून एकटी चाकणला येते, चौघी-पाचजणींत खोली घेते, पाळ्या करते, घरी पैसे पाठवते आणि त्या जोरावर स्वतःचं लग्न दोन वर्षं पुढे ढकलते. तिला ‘आत्मविश्वास’ शिकवायला जाणं हा विनोद आहे. तयारी कमी आहे ती तिच्यावरच्या सुपरवायझरची, त्याच्यावरच्या प्रॉडक्शन मॅनेजरची आणि सर्वांत वरच्या प्लांट हेडची.

कंपनीच्या भाषेकडे जरा कान द्या. ऑफिसात बसणारा इंजिनियर म्हणजे ‘टॅलेंट’. तो सोडून जाऊ नये म्हणून सल्लागार नेमतात, परिषदा भरवतात. ठेकेदाराकडून आलेली मुलगी म्हणजे ‘मॅनपॉवर’. ती गेली तर दुसरी येईल. आणि हेच साहेब पुन्हा म्हणतात, “मॅडम, मुली टिकत नाहीत हो.”

एका कारखान्यात मला हेच ऐकवलं गेलं. मुली लग्न करून जातात, आमचा नाइलाज आहे. मी म्हटलं, सोडून गेलेल्यांची यादी द्या. यादी मिळाली, फोन लावले, काहीजणी भेटल्या. लग्न हे कारण होतं, नाही असं नाही. पण त्याच्या आधीची कारणं कुणी लिहून घेतलेली नव्हती. बऱ्याचजणींना ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला होता. २४० दिवस भरू नयेत म्हणून ब्रेक द्यायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे आधी काढायचं आणि नंतर ‘टिकत नाही’ म्हणायचं. काहींची कंपनीची बस मुख्य रस्त्यावर सोडायची, तिथून खोलीपर्यंत अंधार. आणि एकीने सांगितलं ते मी विसरत नाही. लाइन चालू असताना लघवीला जायचं तर लाइन लीडरला विचारावं लागायचं. जागेवर उभं राहायला रिलिव्हर नाही, म्हणून तो म्हणायचा, “आत्ताच गेलीस ना?” चार पुरुषांसमोर हे ऐकायला नको म्हणून मुलींनी पाळीभर पाणी प्यायचंच सोडलं होतं. पुढे लघवीच्या जागी जळजळ, ताप, रजा, मग पगार कापला, मग नोकरी सुटली. रजिस्टरमध्ये कारण काय? ‘वैयक्तिक.’

तो लाइन लीडर राक्षस नव्हता. पंचविशीचा मुलगा, तासाला इतके नग काढून द्यायचे हे टार्गेट त्याच्या डोक्यावर. रिलिव्हर द्यायचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार ज्याला आहे तो वर काचेच्या खोलीत बसतो आणि त्याच्यापर्यंत फक्त नग पोचतात. म्हणूनच मी सांगते, सुपरवायझरचं ‘मन बदलणारं’ दोन तासांचं ट्रेनिंग घेऊन काही होत नाही. ज्याच्या सहीने खर्च होतो त्याला समोर बसवलं पाहिजे.

आता तो समोर बसला तर त्याच्याशी काय बोलायचं? मी सहा गोष्टी धरते.

पहिली गोष्ट मोजणीची. भरती किती झाली हे विचारू नका, वर्षाने किती उरल्या ते विचारा. मघाशी सांगितलेल्या त्या वार्षिक हिशोबात कामगार सोडून जाण्याचं प्रमाण द्यावं लागतं, पण ते कायम कामगारांचं. कंत्राटी आणि ट्रेनी मुली किती आल्या, किती गेल्या, हे तिथे दिसत नाही. साहेबाला सांगा, तुमच्या बहुसंख्य मुली ज्या रांगेत आहेत तीच रांग तुमच्या आकड्यात नाही. सरकारी आकड्यांचंही तसंच आहे. बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. ऐकायला बरं वाटतं. पण वाढ मुख्यतः खेड्यांतली, स्वतःच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायकांची आहे, आणि त्यातल्या कितीतरी बिनपगारी. पगाराची, टिकणारी नोकरी हा वेगळा आकडा आहे.

दुसरी गोष्ट कामाच्या जागेची. यंत्राची उंची, हत्याराचं वजन, हातमोज्याचं माप, रिलिव्हर, संडास, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला जागा. उभ्याने काम करणाऱ्याला मध्ये संधी मिळेल तेव्हा टेकायला आसन द्यावं हे १९४८ च्या कायद्यातच होतं, पुरुषांसाठीसुद्धा. बायका आल्या म्हणून ट्रॉली आणली तर पुरुषांचीही पाठ वाचते. हे साहेबांना लवकर पटतं, कारण इंजिनियरला रचनेची भाषा कळते. त्याच भाषेत बोला.

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. इथे साहेबांचा हिशोबच कच्चा असतो. २०१७ साली रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली तेव्हापासून ‘बाई महाग पडते’ हे वाक्य फार ऐकू येतं. पण ई.एस.आय.मध्ये असलेल्या बाईला रजेच्या काळातला पैसा कंपनी देत नाही, महामंडळ देतं. २०१७ साली ई.एस.आय.ची पगारमर्यादा २१,००० रुपये केली गेली, म्हणजे लाइनवरच्या बहुतेक मुली त्यात बसतात. हे कागदावर मांडून दाखवा. पाळणाघराचंही तसंच. जुन्या कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, म्हणून मालक तीसच्या आत थांबायचे. २०१७ पासून मोजणी बायकांची नाही, पन्नास कामगारांची आहे, पुरुष धरून. म्हणजे बायका कमी ठेवून पाळणाघर आता चुकवता येत नाही. मूल बापाचंही असतं हे कायद्याला जरा उशिरा कळलं, साहेबांना आपण कळवू.

चौथी गोष्ट रात्रीची. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरमधल्या तरुणीचा खून झाला तो तिला न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने केला. गाडी दिली की जबाबदारी संपली असं नाही हे त्या घटनेने सगळ्यांना दाखवलं. ड्रायव्हर कोणाचा, त्याची चौकशी केली का, शेवटी कोण उतरते, दारापर्यंत कोण सोडतं, हे प्रश्न विचारा. आणि संमतीबद्दल विचारा. ब्रेकची भीती डोक्यावर असलेली मुलगी ‘नको’ म्हणू शकते का? रात्रपाळी नाकारणाऱ्या मुलीला पुढच्या महिन्यात काम मिळालं का, एवढं तपासलं तरी संमतीचा अर्थ कळतो.

पाचवी गोष्ट तक्रारीची. भंवरीदेवींच्या लढ्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कायदा. या कायद्यात कंत्राटी कामगार, ट्रेनी, अप्रेंटिस सगळ्याजणी येतात. हे मुद्दाम सांगा, कारण अप्रेंटिस कायद्याने त्या ‘कामगार’ नाहीत, शिकाऊ आहेत, आणि साहेबांना वाटतं की कुठलाच कायदा त्यांना लागू नाही. साहेब अभिमानाने सांगतात, “आमच्याकडे शून्य तक्रारी.” मी विचारते, समितीवरच्या एका बाईचं नाव लाइनवरच्या मुलीला सांगता येईल का? आत्ता खाली जाऊन विचारू या. बहुतेक वेळा तिथेच संभाषण खऱ्या अर्थाने सुरू होतं.

सहावी गोष्ट वर चढण्याची. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलेलं होतं, आणि सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, ही हकीकत त्यांनीच लिहिलेली आहे. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात आता बायका मोटारींची जुळणी करतात. आत येण्याची लढाई बऱ्याच अंशी पुढे गेली. पण लाइन लीडर किती बायका? मेंटेनन्सला किती? १९८७ साली मॅकिनन मॅकेन्झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-स्टेनोला पुरुष-स्टेनोइतकाच पगार दिला पाहिजे असं ठरवलं. आता कंपन्या तसा उघड भेद करत नाहीत. बाईला वेगळ्या नावाच्या कामावर ठेवतात आणि वरची जागा देतच नाहीत. “पोरं बाईचं ऐकणार नाहीत,” असं साहेब म्हणतात. पोरं ऐकत नाहीत कारण साहेब तिच्या मागे उभा राहत नाही. ते शिकायचं कुणी?

आता आपल्यातला वाद. काही मैत्रिणी मला विचारतात, “भांडवलदाराला स्वस्त आणि निमूट हात हवेत. ते टिकवायला तू मदत का करतेस?” प्रश्न रास्त आहे. बारीक बोटं, कमी बोलणं, युनियन न करणं, यासाठीच मुली घेतल्या जातात हे मी नाकारत नाही. काही साहेब हे तोंडावर बोलून दाखवतात. पण त्या मुलींना ही नोकरी हवी आहे. खुडायला, खुरपायला परत जाण्यापेक्षा, नको त्या वयात नको त्याच्याशी लग्न करण्यापेक्षा हवी आहे. आपण गेलो नाही तर सल्लागार कंपन्या जातील. त्या आठ मार्चला गुलाबाचं फूल, रांगोळीची स्पर्धा आणि एक आकडा शिकवून येतील.

मात्र जायचं ते अटी घालून. मी चार अटी ठेवते. सुपरवायझरशिवाय मुलींशी बोलायला मिळालं पाहिजे. ठेकेदाराच्या मुली त्यात असल्या पाहिजेत. वरिष्ठांच्या बैठकीत खर्चाचा अधिकार असलेला माणूस हजर पाहिजे. आणि जे ठरेल ते तारखेसह लिहून पाहिजे. या अटी मान्य नसतील तर नम्रपणे नाही म्हणावं. समितीवर बसण्याचं मानधन कंपनीकडून येतं हेही लक्षात ठेवा. गटाचा खर्च त्यावर चालायला लागला की आपला आवाज आपोआप खाली येतो.

आणि साहेबाला शिकवून सगळं होईल असंही मी म्हणत नाही. प्लांट हेडची बदली होते, नवा येतो, फाइल कपाटात जाते. लिहून घेतलेलं टिकतं ते मागणारी माणसं आत असली तरच. म्हणून वर एक बैठक घेतली तर खोल्यांवर दोन बैठका घ्या. जिथे युनियन आहे तिथे युनियनशी बोला, मुलींना सभासद करा म्हणून भांडा. गिरणीतल्या बायकांच्या वेळी युनियन गप्प राहिली, ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

जाताना एकच काम सुचवते. आपापल्या भागातला एक कारखाना निवडा. येत्या तीन महिन्यांत तिथून काम सुटलेल्या जमतील तितक्या मुलींना भेटा आणि काम का सुटलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नाव लिहू नका, कारण लिहा. ती यादी घेऊन साहेबांकडे जा. ‘वैयक्तिक’ या एका शब्दाखाली काय काय झाकलं आहे ते त्यांना एकदा वाचू द्या. पुढच्या शिबिरात आपण सगळ्याजणींच्या याद्या एकत्र ठेवू.